पंपाला हात लावण्याआधी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "व्हॅन वळवताना म्हशीसारखी रेकते, गॅरेजवाला म्हणतो पॉवर स्टेअरिंगचा पंप गेला, पुढच्या आठवड्यात बदलून टाकतो." मी नुसतं 'बरं' म्हणून फोन ठेवला, कारण हे प्रकरण फोनवर आटोपणारं नव्हतं. पण तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. तेव्हा पंपाचं काम जरा थांबव आणि हे पत्र वाच. पंप कुठे पळून जात नाही.

माझ्या व्हॅनची कथा तुला अर्धीच माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी तिनेही असाच गळा काढला होता. मीही शहाण्यासारखा पंप बदलला. हात काळे केले, बोटं सोलून घेतली, आणि नवाकोरा पंप पहिल्याच वळणावर जुन्यासारखाच रेकला! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते मी स्वतःच्या हाताने केलं. खरा चोर वीतभर लांबीचा रबरी पाइप होता.

आत काय चालतं ते आधी सांगतो, मग पुढचं आपोआप कळेल. इंजिनाच्या बेल्टवर पंप फिरतो. तो स्टेअरिंगच्या तेलाच्या टाकीतलं तेल जाड पाइपाने ओढतो आणि दुसऱ्या मजबूत पाइपाने दाबाखाली रॅककडे, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्याकडे ढकलतो. स्टेअरिंगच्या दांड्याच्या तळाशी एक बारीक सळई असते. तू स्टेअरिंग फिरवलंस की ती किंचित पिळली जाते, तेवढ्याने झडप उघडते आणि तेल रॅकमधल्या दट्ट्याच्या एका बाजूला जोर लावतं. स्टेअरिंग सरळ असताना तेल नुसतं फिरून टाकीत परत येतं. म्हणून पंपाचे खरे हाल होतात ते गाडी उभी असताना चाकं वळवताना. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९२६ मध्ये असं स्टेअरिंग चालवून दाखवलं, आणि दुकानातून विकत मिळणाऱ्या कारमध्ये ते यायला १९५१ उजाडलं. मूळ कल्पना अजून तीच आहे. तुझ्या व्हॅनसारख्या जुन्या गाडीत हे सगळं बेल्ट, तेल आणि रबर एवढ्यावरच चालतं, त्यामुळे दोष शोधायला कॉम्प्युटर लागत नाही. डोळे, कान आणि एक टॉर्च पुरे.

पहिलं काम, टाकीचं झाकण उघड. तेल कमी आहे का ते बघशीलच, पण मला जास्त रस आहे त्याच्या रूपात. कोणाला तरी इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग सावकाश दोन्हीकडे फिरवायला सांग आणि तू टाकीत बघत राहा. तेलावर फेस येतोय? दुधाळ दिसतंय? मग त्यात हवा आहे. अजून एक खूण: इंजिन बंद केल्यावर टाकीतली पातळी चांगलीच वर चढली, तरी हवाच समज. दाबलेली हवा सुटते आणि फुगून तेलाला वर ढकलते. माझ्याकडे बोटभर वर आली होती, आणि मी ती बघितली पंप बदलल्यानंतर!

आता हवा येते कुठून? मी फसलो ते इथेच. दाबाच्या बाजूला भेग असली तर तेल बाहेर फेकलं जातं आणि खाली डाग पडतो, म्हणजे चोरी लगेच पकडली जाते. पण टाकी आणि पंप यांच्यामधल्या पाइपात पंप तेल ओढत असतो. तिथे भेग असली तर तेल क्वचितच बाहेर येतं, हवाच आत जाते. चिरलेल्या नळीने पाणी ओढून बघ, कळेल. जमीन कोरडी ठणठणीत आणि पंप कोकलतोय, असं असेल तर आधी संशय त्याच पाइपाचा. पंप बिचारा उपाशी असतो म्हणून ओरडतो. तो पाइप हाताने दाबून बघ. कडक लाकूड झाला असेल, टोकाशी केसासारख्या चिरा दिसत असतील किंवा क्लिप आवळून आवळून टोकाला आली असेल, तर सरळ नवा टाक. मात्र तेलासाठी बनवलेलाच घे, पाणी वाहून नेणारा साधा पाइप तेलाने फुगतो. त्याच्या जोडावर ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी असेल तर तीही बदल.

टाकीच्या तळाशी बऱ्याचदा बारीक जाळी असते. माझ्या जाळीवर काळा चिकट गाळ बसला होता. जाळी तुंबली तरी पंप उपाशीच राहतो, आवाजही तोच. काही टाक्यांत ती साफ करता येत नाही, मग अख्खी टाकी बदलावी लागते.

बेल्टचं थोडक्यात. कण्हणं आणि किंचाळणं यात फरक आहे. टोकापर्यंत वळवताना तीक्ष्ण 'चीं' आली तर बेल्ट घसरतोय. ताण बघ, बेल्ट गुळगुळीत चकचकीत झाला असेल तर बदल. आणि हो, स्टेअरिंग अगदी टोकाला नेल्यावर थोडा सुस्कारा येतोच, तिथे जादा दाब सोडणारी पंपातली झडप उघडते. तो आजार नव्हे. पण तिथे ५ सेकंदांपेक्षा जास्त धरून बसू नकोस, तेल भयंकर तापतं.

तू आवाजाचंच बोललास, जडपणाचं नाही. जड होत असेल तर कधी होतं ते नीट लक्षात ठेव. गार असताना जड आणि गरम झाल्यावर हलकं, तर रॅकमधली झडप झिजली असण्याची शक्यता. उलट, गरम झाल्यावर जड होत असेल तर पंपावर संशय घेता येतो, कारण पातळ झालेलं तेल आतल्या आत निसटतं. एकाच बाजूला जड, तर रॅक बघ. फिरवताना एका ठरावीक जागी अडखळतं? मग तेलाचा काही संबंध नाही, दांड्यातला सांधा गंजलाय. आणि सगळ्यांच्या आधी टायरमधली हवा बघ. हसू नकोस, मी एकदा त्यासाठी अर्धा दिवस घालवलाय.

पाइप बदललास की हवा काढायची. इथे घाई करू नकोस. पुढची चाकं उचलून गाडी स्टँडवर ठेव, नुसत्या जॅकवर नाही. टाकी भर आणि इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश १५-२० वेळा फिरव. मधेमधे पातळी बघत तेल घाल. बुडबुडे थांबले की इंजिन चालू कर आणि पुन्हा तसंच. फेस आलाच तर बंद कर, तासभर सोडून दे, चहा पी. आधी इंजिन चालू केलंस तर पंप हवेचे बारीक बुडबुडे करून तेलात असे घुसळतो की ते दिवसभर निघत नाहीत. तेल झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घे. काही गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल चालतं, काहींना अजिबात नाही. ब्रेक ऑइल मात्र चुकूनही नको, सगळी रबरं फुगून बसतील.

इंजिन चालू असताना गळती शोधायला पाइपावरून बोट फिरवू नकोस, दाबाचं तेल कातडीत घुसू शकतं. पुठ्ठ्याचा तुकडा धर.

एवढं सगळं करूनही पंप रेकला, तर गॅरेजवाल्याला सांग, प्रेशर गेज लावून दाब मोज आणि पुस्तकातल्या आकड्याशी ताडून दाखव. दाब मोजताना गेजचा नळ बंद करायचा तो ५ सेकंदांपुरताच. दाब कमी भरला तर खुशाल पंप बदला. मग माझी काही हरकत नाही.

माझ्याकडे दोन स्टँड आहेत, रविवारी घेऊन येतो. तू जुनी चादर आणि रिकामी बाटली तयार ठेव, कपडे टाकाऊ घाल. तोवर टाकीचं झाकण उघडून फेस आहे का, एवढंच बघ आणि मला फोन कर.

तुझाच,
वीतभर पाइपाने शहाणा झालेला