दक्षिणायन २१ जूनचेच, आणि ते अशुभ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दक्षिणायन १६ जुलैच्या कर्क संक्रांतीला लागते आणि देवांची रात्र म्हणून तो काळ अशुभ, अशी दोन विधाने दर पावसाळ्यात छापून येतात. पहिले आकाशात टिकत नाही, दुसरे ग्रंथांत.

सूर्य उत्तरेकडून मागे फिरतो तो २१ जूनच्या सुमारास. अयनांश, म्हणजे ऋतूंवर बेतलेली सायन आणि ताऱ्यांवर बेतलेली निरयन गणना यांतले अंतर, आता २४ अंशांवर गेल्याने निरयन कर्क संक्रांत पंचवीसेक दिवस उशिरा येते. प्राचीन ज्योतिषी वराहमिहिरापुढेही हाच पेच होता. जुन्या शास्त्रात दक्षिणायनाचा आरंभ आश्लेषार्धाला (आश्लेषा नक्षत्राच्या मध्याला) सांगितलेला, प्रत्यक्षात तो कर्कारंभी होत होता. बृहत्संहितेत त्याने कौल दिला तो वेधाच्या, म्हणजे प्रत्यक्ष निरीक्षणाच्या बाजूने: सूर्याच्या उदयास्ताची क्षितिजावरची खूण पाहा, नाहीतर वर्तुळातली सावली.

हा वेध अंगणात घेता येतो. सपाट जमिनीवर १ मीटरची काठी ओळंबा लावून उभी करा. पुण्यात २१ जूनला १२ वाजून ३६ मिनिटांनी (तिथल्या खऱ्या माध्यान्ही) सावली साधारण साडेआठ सेंटिमीटर भरते, आणि ती पडते दक्षिणेला, कारण तेव्हा सूर्य डोक्याच्या उत्तरेस असतो. नागपुरात १२.१५ ला जेमतेम ४ सेंटिमीटर. काठी १ अंश कलली तरी पावणेदोन सेंटिमीटरची चूक होते. पुण्यात घड्याळाच्या बाराला मोजलीत तर सावली दुप्पट भरेल. ढगांची फार चिंता नको. आधी-नंतरच्या ५ दिवसांत फरक दीड मिलिमीटरच पडतो. म्हणूनच एका मापाने नेमका दिवस मात्र कळत नाही. त्यासाठी सारख्या सावलीचे दोन दिवस घेऊन मध्य काढावा. पुण्याचे शून्य सावलीचे (माध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येण्याचे) दिवस १३-१४ मे आणि २९-३० जुलै (हा दुसरा बहुधा ढगांत जातो!), त्यांचा मध्य २१ जूनच येतो.

आता अशुभाचे. गीतेच्या आठव्या अध्यायात दक्षिणायनाचा मार्ग पुनरावृत्तीचा म्हटला आहे, हे खरे. पण 'अतश्चायनेऽपि दक्षिणे' हे ब्रह्मसूत्र स्पष्ट सांगते की ज्ञानी दक्षिणायनात गेला तरी त्याचे फळ चुकत नाही. भीष्मांचे उत्तरायणासाठी शरपंजरी थांबणे आचार राखण्यासाठी आणि इच्छामरणाचा वर दाखवण्यासाठी होते, असा शंकराचार्यांचा खुलासा आहे. मुंज उत्तरायणात करावी हे मान्य. पण भैरव, नरसिंह, वराह, महिषासुरमर्दिनी यांची प्रतिष्ठा दक्षिणायनातही सांगितली आहे. आयुर्वेदात तर हा विसर्गकाळ, शरीराचे बळ वाढवणारा. चातुर्मासाचे नियम तिथीवर, आषाढ शुद्ध एकादशीपासून चालतात; त्यांचा भार अयनावर टाकू नये. गणपती, नवरात्र, दिवाळी सगळे दक्षिणायनातच येते, तेव्हा कुणाला अशुभ आठवत नाही.

आपल्या दैनिक पंचांगात २१ जूनला 'सायन दक्षिणायनारंभ' आणि जुलैत 'निरयन कर्क संक्रांत' अशा दोन वेगळ्या नोंदी द्याव्यात, ही विनंती.

— पंचांगाचे काही अभ्यासक, पुणे