फीची माफी पदरात पाडून घेताना

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

तुझी पुण्यातली इंजिनिअरिंगची जागा कॅप राउंडमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळाली आहे, ही खर्चाच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवं. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला हा लाभ नाही. तेव्हा 'ब्रँच बदलून देतो' म्हणत कोणी त्या कोट्याकडे वळवू लागलं, तर स्पष्ट नाही म्हण.

विकास शुल्क मात्र या माफीत येत नाही. पावतीवर शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगवेगळ्या ओळींत दाखवायला सांग. एकाच आकड्याची पावती घेऊन आलीस, तर माफी किती धरली आणि आपल्याकडून किती घेतले हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही. तुझ्या कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिलेली असते. ती पावतीशी ताडून बघ.

आता महाडीबीटीचा, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती आणि फीमाफीच्या पोर्टलवरचा अर्ज. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो. आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. खातं आधारला जोडलंय एवढ्यावर थांबू नकोस, कारण थेट लाभाचे पैसे एनपीसीआयच्या (देशातली पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत तुझ्या आधारपुढे जी बँक असते तिथेच जातात. पुण्यात नवीन खातं उघडताना आधार जोडण्याच्या चौकोनावर खूण केलीस, तर ही नोंद नव्या बँकेकडे सरकते आणि आपण जुन्या खात्यात पैशांची वाट बघत बसतो. म्हणून अर्जाआधी बँकेत विचारून खात्री कर.

अर्ज भरला की काम संपलं, असं धरून चालू नकोस. दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती बघ. कागद अस्पष्ट असला तर अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो. तो सुधारून पुन्हा पाठवला नाही तर तिथेच पडून राहतो. लाभ बुडण्याचं हे सर्वांत फुकटचं कारण, आणि मला काळजी आहे ती याचीच. पुढच्या वर्षी नूतनीकरणही करावं लागेल. ते आपोआप होत नाही.

हॉस्टेल आणि मेससाठी शैक्षणिक कर्ज घ्यायची वेळ आली, तर चार लाखांपर्यंत साधारणपणे मार्जिनही (खर्चातला आपला वाटा) लागत नाही, तारणही नाही. पण हिशेब नीट बघ. दरवर्षी एक लाख असे चार वर्षं उचलले, व्याज ९ टक्के, आणि परतफेड शिक्षणानंतर एक वर्षाने, असं धरलं तर सरळ व्याजच १ लाख २६ हजार होतं. पहिल्या वर्षीच्या लाखाचं व्याज महिन्याला ७५० रुपये पडतं. ते आम्ही इथून भरत जाऊ, म्हणजे मुद्दलावर चढणार नाही. तू फक्त गरजेपुरतीच रक्कम उचल. मंजूर झाली म्हणून सगळी घ्यायची नाही.

पुस्तकं नवी घेऊ नकोस. आधी कॉलेजच्या बुक बँकेत बघ, नाहीतर अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात. ड्राफ्टर (ड्रॉइंगचं उपकरण) वरच्या वर्गातल्या मुलींकडून घे, पहिल्या वर्षानंतर बहुतेकींना तो लागत नाही.

पावती आली की लगेच फोटो पाठव.

तुझे,
बाबा