सही कर, सोनू

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तुझ्या चित्राचा फोटो मोठा करकरून पाहिला. मंडईतली ती म्हातारी, हातातली तागडी आणि पितळेच्या पारड्यावर पडलेलं ऊन. त्या उन्हापाशी मी बराच वेळ थांबलो. मग सवयीनं खालचे दोन्ही कोपरे पाहिले. सही कुठंच नाही. आईनं फोनवर विचारलं तेव्हा तू म्हणालीस, ‘सरांच्याच पद्धतीचं झालंय, त्यावर माझं नाव कसं घालू?’ हे ऐकल्यापासून मला चैन नाही. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

हॉलंडमधल्या हार्लेम गावात 1609 साली युडिथ लेस्टर नावाची चित्रकार जन्मली. बापाचा बिअरचा धंदा होता, तो बुडाला. घरात कुणी चित्रकार नव्हता. पण गाव फ्रान्स हाल्स या चित्रकाराचं होतं. हसरे चेहरे आणि झरझर ओढलेले कुंचल्याचे फटकारे ही त्याची खासियत. युडिथनं ती पद्धत उचलली, उघडउघड उचलली, आणि तिची तिला लाज वाटली नाही. 1633 मध्ये ती गावातल्या चित्रकारांच्या संघाची सभासद झाली, स्वतःच्या चित्रशाळेत मुलगे शिकवायला घेतले. त्यातला एक तिला सोडून थेट हाल्सकडे गेला तेव्हा तिनं संघाकडे तक्रार केली आणि फीचे पैसे मागितले. ज्याच्याकडे बघून शिकली, त्याच्याशीच हक्कासाठी भांडली! तेव्हा तिचं वय पंचविशीच्या आसपास होतं.

आता तिचं 1631 सालचं एक चित्र बघ. ते हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. आकार ए-फोर कागदाहून जेमतेम मोठा. दिव्याच्या उजेडात एक बाई शिवतेय. शेजारी फरची टोपी घातलेला पुरुष वाकलाय. त्याचा एक हात तिच्या खांद्यावर आणि दुसऱ्या हाताच्या ओंजळीत नाणी. बाई मान वर करत नाही. तिची नजर सुईवर, सगळा उजेड तिच्या पांढऱ्या कपड्यावर. हाल्सच्या चित्रांत हसणं-खिदळणं भरपूर आहे. ही गप्प बसलेली, कामात गढलेली बाई मला त्याच्याकडे दिसत नाही. हात कुणाकडूनही शिकावा लागतो. डोळे तिचे होते. तुझ्या सरांनी तुला कुंचला धरायला शिकवलं असेल, पण मंडईत त्या म्हातारीसमोर जाऊन बसलीस ती तू.

युडिथ आपल्या नावाची आद्याक्षरं जोडून काढायची आणि त्यांना एक छोटी चांदणी लावायची. पुढं 1636 मध्ये मोलेनार नावाच्या चित्रकाराशीच लग्न झालं, मुलं झाली, चित्रं जवळजवळ थांबली. 1660 मध्ये ती गेली. नंतर घरातल्या मालमत्तेची यादी झाली, तीत तिच्या चित्रांपुढं तिचं नावसुद्धा घातलं नाही. लिहिलं काय, तर ‘मोलेनारची बायको’. त्यानंतर दोनशे वर्षांहून जास्त काळ तिची चित्रं दुसऱ्यांच्या, बहुतेक हाल्सच्याच नावावर फिरली.

मग 1893 साल. हाल्सचं म्हणून भारी किमतीला विकलेल्या एका चित्रावर तिची ती अक्षरं आणि चांदणी सापडली. विकणाऱ्या-घेणाऱ्यांत कोर्टकज्जा झाला आणि किंमत कमी करून मिटवलं. रंग तोच, फळी तीच, फक्त नाव बाईचं निघालं आणि भाव उतरला! मला याचा अजून संताप येतो. पण त्याच खुणेवरून होफ्स्टेडे द ग्रूट नावाच्या अभ्यासकानं तिची सात चित्रं ओळखली, आणि त्यातल्या सहांवर ती खूण होती. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं. तिनं सही केली नसती तर?

आपल्याकडचंच बघ. रावबहादूर धुरंधरांच्या चित्रांच्या छापील प्रती अजून माझ्याकडे फ्रेमला येतात. त्यांची मुलगी अंबिका, तू शिकतेस त्याच जे. जे. कलाशाळेत शिकली, ऐतिहासिक प्रसंग रंगवले, नव्वदी ओलांडेपर्यंत जगली. तिचं नाव घेत माझ्या दुकानात आजवर कुणी आलेलं नाही.

आणि दुकानात काय काय येतं, तुला माहीतच आहे. मध्यंतरी एक गृहस्थ काचमण्यांचा मोर घेऊन आले, काच बदलायला. काय काम होतं! मानेपाशी निळ्याच्या तीन छटा, एक मणी चुकलेला नाही. कुणी केला म्हणून विचारलं. म्हणाले, ‘आजीनं, नाहीतर तिच्या बहिणीनं.’ मी मागची बाजू उघडली, निदान तिथं तरी काही लिहिलेलं असेल म्हणून. जुन्या वर्तमानपत्राचा कागद, बाकी काही नाही. करताना बाई म्हणाली असेल, घरच्यांना ठाऊक आहे की. दोन पिढ्यांत घरच्यांनाच ठाऊक राहिलं नाही.

तुझं चित्र थोर आहे की नाही हे मला सांगता येणार नाही. ते तुझं आहे, एवढं मात्र मी छातीठोक सांगतो. सही करण्याआधी थोर व्हावं लागत नाही, सोनू.

तेव्हा या आठवड्यात सही कर. नाव लिही, नुसती आद्याक्षरं लिही, खूण कर, तुला रुचेल ते. कडेपासून चांगली आत कर, कॅनव्हास ताणताना कड वळते आणि वर फ्रेमची पट्टी बसते, तिच्याखाली सही जाता कामा नये. मागं वर्षही घाल. दिवाळीला येताना चित्र गुंडाळून आण, रंगाची बाजू बाहेर ठेवून, पूर्ण सुकल्याशिवाय गुंडाळू नकोस. सागवानी पट्टी तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे.

तुझा,
बाबा