फी घ्यायला लावणाऱ्या मुलीस

चि. (नाव घालू नका असं बजावलंस, म्हणून जागा रिकामी सोडली आहे) हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

आभार मानण्यासारखं पुष्कळ आहे, पण सगळ्यात आधी आपल्या त्या भांडणाचे. तुझ्या ऑफिसातल्या मुलाने आजोळचं जुनं, मोडी लिपीतलं गहाणखत माझ्याकडे पाठवलं. मी ते वाचलं, स्वच्छ देवनागरीत उतरवून दिलं. किती द्यायचे, असं त्याने विचारलं तर मी आपली, "छे छे, त्यात कसले पैसे!" तू कडाडलीस. "काकू, रेकॉर्ड खात्यात होतात तेव्हा महिन्याच्या एक तारखेला 'त्यात कसला पगार' म्हणायचात का?" मला उत्तर सुचेना. मग तूच माझ्या किराण्याच्या यादीमागे दर लिहिलास: सोपं पान इतके, किचकट अक्षराचं पान इतके, फाटकं असेल तर आधी बघून सांगणार.

आमच्या पिढीतल्या बायकांना हे फार जड जातं. पापड-मसाल्याचे पैसे मागता येतात, कारण त्यात तिखट-मीठ दिसतं. वाचून दाखवण्याचे कसे मागायचे? वडिलांनी मोडी शिकवली ती कौतुकाने. निवृत्तीनंतर काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, पुराभिलेखवाल्यांकडे (जुनी सरकारी दप्तरं सांभाळणारं खातं), जाऊन बसायचे तेही हौसेने. घरचेही म्हणायचे, "आईचा वेळ छान जातो." माझा वेळ जावा म्हणून तू एकदाही काही केलं नाहीस. हे काम आहे आणि ते करणारी माणसं थोडी आहेत, एवढंच तू धरून बसलीस.

थोडी आहेत हे खरंच. 2023 च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधायला सरकारने न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली, जुनी दप्तरं उघडली, आणि कितीतरी नोंदी मोडीत निघाल्या. तोवर मोडीवाल्यांना कोण विचारत होतं? मग एकदम गावोगावचे फोन. कुणाकडे कोतवाल बुकातलं, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतलं, पान, कुणाकडे खरेदीखत. त्यातली अर्धी माणसं कागद घेऊन गिरगावात यायला तयार होती, अगदी मराठवाड्यातूनसुद्धा. "येऊ देऊ नका, फोनवर मागवा," असं तू म्हणालीस आणि माझ्या धंद्याला खरी सुरुवात झाली. धंदा हा शब्द लिहिताना अजून जरा लाजायला होतं, पण असो.

फोटो यायचे ते धुरकट. मोडीत आधी पानभर शिरोरेषा ओढून घेतात आणि खाली अक्षरं लोंबत जातात, लेखणी शक्यतो न उचलता. शब्द तोडलेले नसतात, ह्रस्व-दीर्घाचा पत्ता नसतो. अशा मजकुरात एक वळण पुसट झालं की माणसाचं नाव बदलतं. मी भिंग घेऊन बसायचे. तू एका मिनिटात सांगितलंस की व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो, तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. आता प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिला निरोप हाच जातो: उजेडात, कागद सपाट ठेवून, वरून फोटो काढा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा. माझं निम्मं भिंग त्या एका वाक्याने वाचलं.

तुझी शिकवण्याची रीतही सांगायला हवी. घरात कुणाला काही विचारलं की "द्या इकडे" म्हणून फोन हातातून जातो, अंगठा भराभर चालतो आणि "झालं बघ." काय झालं ते देव जाणे. तू कधी माझ्या फोनला हात लावला नाहीस. हात मागे बांधून उभी राहायचीस, मी चुकीच्या ठिकाणी दाबलं तरी. कधी कधी त्याचा रागही यायचा, खोटं कशाला बोलू. मी एकेक पायरी वहीत मोडीत लिहून घ्यायचे. यूपीआयचा पिनही तसाच लिहायला निघाले, म्हटलं मोडीत कोण वाचणार? "तुमचे विद्यार्थी," तू म्हणालीस. पिन पाठ केला.

बोलून टाइप करण्याची सोय तू दिलीस तीही भारी. फक्त "मौजे" म्हटलं की तो "मोजे" लिहितो. एका खरेदीखतात सलग चार गावांचे मोजे झाले होते. आता लिप्यंतर मी बोटांनीच टाइप करते, बोलून फक्त निरोप पाठवते.

पैशांच्या बाबतीत तुझं एकच वाक्य मी घोकलं होतं: पैसे घ्यायला पिन लागत नाही. ते उपयोगी पडलं ते असं. एका गृहस्थांचा फोन आला, अदबीने बोलत होते. वीस पानांचं काम, सगळे पैसे आगाऊ, "फक्त मी पाठवलेला क्यूआर स्कॅन करून पिन टाका, रक्कम जमा होईल." मी म्हटलं, दादा, माझा क्यूआर मी पाठवते, तुम्ही स्कॅन करा. मग त्यांना माझा आवाज ऐकू येईना. ही गोष्ट ज्येष्ठ नागरिक संघात सांगितली आणि फळ्यावर 1930 हा सायबर तक्रारीचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला. पैसे गेलेच तर लगेच फोन करायचा, लाजत बसायचं नाही, हेही सांगितलं. फसलेली माणसं घरात सांगत नाहीत, पोरं फोन काढून घेतील म्हणून. या भीतीबद्दल कुणी बोलत नाही.

छोट्या धंद्याच्या सरकारी 'उद्यम' नोंदणीचे पैसे मागणारी ती वेबसाइटही तूच बंद करायला लावलीस. सरकारी पोर्टलवर आधार नंबरावर नोंदणी होते आणि ती फुकट असते. प्रमाणपत्रावर मी 'सूक्ष्म' उद्योग आहे. माझ्या अंगकाठीकडे बघून यजमान अजून हसतात.

फोनवरून मोडी शिकवण्याच्या वर्गाची कल्पना मात्र माझी, हे विसरू नकोस. तू म्हणत होतीस व्हिडिओ करून टाका. मला समोर माणसं हवीत. स्टँडला फोन उलटा लटकवून खाली कागद आणि त्यावर चालणारा माझा हात, ही जुळणी तुझी. पहिल्या दिवशी मी पुढच्या कॅमेऱ्यासमोर तक्ता धरला आणि मला सगळी अक्षरं उलटी दिसली. आरशासारखं ते फक्त आपल्यालाच दिसतं, पोरांना सुलट दिसतं, हे सांगायला तू ऑफिसच्या जिन्यातून फोन केलास. झूमचं फुकटचं 40 मिनिटांचं बंधन मला शाळेच्या तासासारखं सोयीचं वाटतं, तेव्हा त्यासाठी पैसे भरायला अजिबात सांगू नकोस. वर्गात कॉलेजची पोरं आहेत, एक वकील आहे, डोंबिवलीचे एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. क आणि फ मध्ये गोंधळ झाला की पोरंच पोस्टमास्तरांना समजावतात आणि ते त्यांना 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'मजकूर' म्हणजे वर सांगितलेलं, असं जुनं कागदी मराठी उलगडून देतात. मी मध्ये पडत नाही.

तुझ्या खापरपणजोबांचा कागद आपण वाचला ती दुपार. जमीन गहाण टाकली, पण "फणसाची दोन झाडे खेरीज करून" असं त्यांनी मुद्दाम लिहून घेतलं होतं. तू हसून हसून लोटपोट. नंतर गंभीर होऊन म्हणालीस की बाबाही असेच आहेत, सगळं सोडतील, पण स्वतःचं कपाट नाही. तू पहिलीच ओळ अडखळत का होईना स्वतः वाचलीस, आणि मी कागदाला हात लावला नव्हता.

नोव्हेंबरात संघातल्या रेल्वेवाल्या पेन्शनरांचे हयातीचे दाखले मी फोनवरून काढून दिले, चेहरा ओळखणाऱ्या ॲपने. खरं तर त्यांचे त्यांनीच काढले. मी हात मागे बांधून उभी होते. एकजण चिडले. त्यांना म्हटलं, माझ्या मास्तरणीकडे तक्रार करा.

आता कामाचं. दिवाळीनंतर नवा वर्ग सुरू करतेय, जाहिरात तू लिहायची आहेस. मोडी वाचन आणि लिप्यंतर, शनिवार संध्याकाळ, फी आगाऊ, एवढं पुरे. मागच्या वेळी तुझ्या मैत्रिणीने 'बहात्तरीतल्या गोड आजी' असं वर घातलं होतं. ते काढ. खाली अनुभव किती वर्षांचा ते लिही.

तुझी,
काकू (पहिला मजला)