मल्लखांबाच्या शिबिराला निघालेल्या अद्वूला

प्रिय अद्वू,

तोंडी सांगितलं की तू "हो गं आई, कळलं" म्हणतोस आणि डोळे टीव्हीत, म्हणून यावेळी लिहूनच देतेय. सगळं वाच, मधले पॅरे गाळू नकोस, मी नंतर विचारणार आहे.

सोमवारपासून तुझं शिबिर. सकाळी ७ ते ११.३०. परीक्षा संपून चार दिवस झाले नाहीत तोवर लवकर उठायचं म्हणून तुझं तोंड वाकडं झालंय ते दिसतंय मला, पण एप्रिलमधे पुण्यात दुपारी मैदानावर पाय ठेववत नाही, मातीसुद्धा भाजते, म्हणून व्यायामशाळावाले सकाळची वेळ ठेवतात. साडेपाचला उठायचं, शी-शू उरकून एक केळं आणि दोन खजूर खायचे, बास. पोहे-उपमा काही मिळणार नाही हे आधीच सांगून ठेवते, कारण तिथे तासाभरात तुला उलटं लटकवणार आहेत आणि भरल्या पोटी उलटं लटकलं की काय होतं ते मी नाशिकला शिकत होते तेव्हा एका मुलाने सगळ्यांसमोर दाखवलं होतं. बिचारा, पूर्ण सुट्टीभर त्याला मिसळ म्हणायचे. डबा नंतर, साडेदहाच्या सुट्टीत खायचा. पहिल्या दिवशी थालीपीठ आणि दही देतेय, दह्याचा डबा उभाच ठेव, मागच्या वेळी ट्रिपला नेलेल्या बॅगेचा वास अजून गेलेला नाही.

आता तिथे नक्की काय करतात ते सांगते म्हणजे गेल्यावर बावचळायला होणार नाही. आधी मारुतीसमोर प्रार्थना, मग पळणं, सूर्यनमस्कार, जोर, बैठका. यात अर्धा पाऊण तास जातो आणि यालाच सगळी नवी पोरं कंटाळतात. मग वयाप्रमाणे गट पाडतात, एक गट मल्लखांबावर, एक दोरीवर, एक लगोरी नाहीतर लेझीम खेळायला, आणि मग फिरते गट. पुरलेला मल्लखांब म्हणजे जमिनीत रोवलेला सागवानी नाहीतर शिसवी खांब, खाली जाड आणि वर निमुळता होत जातो. खालचं सगळं अंग, वरचा बारीक भाग म्हणजे मान आणि टोकाला जो गोळा असतो ते बोंड. त्याला एरंडेल लावतात. हो, तेच एरंडेल, जे आजी चमच्यातून द्यायला आली की तू बाल्कनीत पळतोस. अंग घासून सोलवटू नये म्हणून लावायचं, पण त्यामुळे पहिल्या दिवशी खांबाला मिठी मारलीस की सर्रकन खाली येशील. सगळेच येतात. खाली गाद्या असतात. हसतील पोरं, त्यातली निम्मी मागच्या वर्षी तशीच घसरली होती.

दोरीचा मल्लखांब वेगळा. तिथे दोरी पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत धरून वर चढायचं असतं. माझी तीच होती, मी चार वर्षं दोरीवर होते हे तुला खरं वाटत नाही पण आजीला विचार. पूर्वी दोरीच्या जागी वेत असायचा, पुढे तसा चांगला वेत मिळेना म्हणून सुती दोरी आली. त्या बोटांच्या बेचक्यात पहिल्या आठवड्यात आग होते, कातडी लाल होते, कधी फोडपण येतो. घरी आल्यावर पाय धुऊन खोबरेल लावू. पण सकाळी जाताना तेल, क्रीम, सनस्क्रीन काहीही हातापायांना लावायचं नाही, नाहीतर दोरी धरली जाणार नाही आणि सर माझ्याच नावाने ओरडतील. सनस्क्रीन फक्त तोंडाला आणि मानेला. हातातला गंडा, घड्याळ, गळ्यातलं ते शार्कच्या दाताचं लॉकेट, सगळं घरी.

कपड्यांचं. तू परवा बाबांना हळूच विचारत होतास ना, की तिथे शर्ट काढावा लागतो का, ते मी ऐकलं. हो, मुलांना खांबावर उघड्या अंगानेच करावं लागतं, वर काही नाही आणि खाली आखूड चड्डी, कारण पकड कातडीने येते, कापडाने घसरते. मोठे दादा तर लंगोटावर असतात. तुला लाज वाटणार, तू तर स्विमिंगलासुद्धा टॉवेल गुंडाळूनच पाण्यापर्यंत जातोस. तर असं कर, पहिल्या दिवशी सरांना सांग की सर मी आज टीशर्ट घालून करतो. ते हो म्हणतील किंवा म्हणतील की आज दोरीवर कर. दोन-तीन दिवसांनी सगळेच तसे दिसले की तुझं तुलाच काही वाटेनासं होईल. पण हे सांगायचं तू. मी सरांना आधी फोन करून ठेवणार नाहीये, बाबा पण करणार नाहीत, मी त्यांना दम दिलाय.

आणि खरं तर मला एवढंच लिहायचं होतं, बाकीचं सगळं ओघाने आलं. अद्वू, तू बोलत नाहीस रे. पोळी गरम देऊ का म्हटलं की "चालेल", कालची देऊ का म्हटलं तरी "चालेल". शेजारच्या काकूंनी त्या दिवशी दुधात चुकून मीठ घातलं होतं, तू अख्खा कप प्यायलास आणि घरी येऊन ओकलास. शाळेतून आलास की बूट न काढता बाथरूमकडे धावतोस, म्हणजे दिवसभर दाबून ठेवलेलं असतं कारण बाईंना विचारायचं जिवावर येतं. घरी हे चालून जातं कारण मला तुझा चेहरा वाचता येतो. तिथे साठेक मुलं आणि चार-पाच सर-ताई, कोणाला तुझा चेहरा वाचता येत नाही आणि त्यांनी तो वाचत बसावा अशी अपेक्षापण नाही.

म्हणून तहान लागली की सांगायचं. खरं तर तहान लागायच्या आधीच दर थोड्या वेळाने दोन घोट प्यायचे, बॉटल स्टीलची मोठी देतेय, साध्या पाण्याची, आणि छोट्या बाटलीत मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत. डोकं दुखायला लागलं, गरगरलं, मळमळलं, उन्हात असून अंगावर काटा आला तर त्याच क्षणी "सर, मला कसंतरी होतंय" म्हणून सावलीत जाऊन बसायचं. ही उडी झाली की सांगतो, असं नाही. उन्हाचं तसंच असतं, माणूस दम धरतो म्हणून ते थांबत नाही.

शू लागली की सांगायचं, तुझा गट खांबाशी जायच्या आधीच जाऊन यायचं. खांदा, मनगट, मान दुखली तर सांगायचं, आणि कुठे दुखतं ते बोट लावून दाखवायचं. मांड्यांना आतून खरचटतं, दंड दुखतात, त्याने घाबरू नकोस, ते सगळ्यांना होतं आणि आठवड्यात सवय होते. पण मानेत चमक भरली किंवा हाताला मुंग्या आल्या तर ते वेगळं, ते सहन करायचं नाही.

आणि भीती वाटली तर तेही सांगायचं. पहिल्यांदा अढी घालायला लावतील, म्हणजे पायांनी खांबाला विळखा घालून डोकं खाली आणि मग हात सोडायचे. हात सोडायच्या क्षणी पोटात गोळा येतोच. मला तर दोरीवरून खाली बघितलं की आमच्या ताई पेन्सिलीएवढ्या दिसायच्या, खरं उंची फार नसायची. तेव्हा म्हणायचं, "सर, धरून ठेवा, मी सांगेन तेव्हा सोडा." याला कोणी भित्रा म्हणत नाही. म्हणालंच एखादं पोर तर म्हणू दे.

तुला गड आठवतोय ना, सप्तशृंगीचा, जिथे माकडाने तुझ्या हातातला पेढा पळवला आणि तू माकडाला काही बोलला नाहीस, मला येऊन म्हणालास की पेढा संपला? त्याच गडाची गोष्ट मल्लखांबवाले सांगतात. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाकडचे अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान पुण्यात आले आणि म्हणाले, आहे का कोणी लढणारा. कोणी पुढे येईना. तेव्हा बाळंभट्टदादा देवधर, वयाने कोवळा पोरगाच, उठला आणि म्हणाला मी लढतो, पण मला मुदत द्या. मुदत घेऊन तो वणीच्या गडावर गेला, देवीची उपासना केली, तिथे झाडांवरून माकडं कशी सुळकन चढतात, उलटी लटकतात, उतरतात ते त्याने पाहिलं आणि त्यावरून खांबावरचा हा सराव बसवला म्हणे. परत येऊन त्याने अलीला चीत केलं आणि गुलाबने कुस्तीच टाळली. आता यात देवीचं किती आणि माकडांचं किती हे मला माहीत नाही, दंतकथा आहे, पण बाळंभट्टदादा बाजीरावाचे व्यायामगुरू होते आणि आजचा मल्लखांब त्यांच्यामुळे उभा राहिला हे सगळेच मानतात. मला त्यात आवडतं ते मुदत मागणं. भर दरबारात, समोर तसले पैलवान, आणि हा पोरगा म्हणतो लढतो, पण आज नाही. तुला तर फक्त सरांना पाणी मागायचंय.

पुढची गंमत म्हणजे हे सगळं आपल्या पेठेतच राहिलं नाही. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची माणसं बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी जाऊन मल्लखांब दाखवून आली, आणि २०१९ मधे मुंबईत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली, परदेशी मुलं-मुली आली होती. त्यांचे व्हिडिओ आपण रविवारी दुपारी बघू, टीव्हीवर, मोठे करून.

आता एक जरा वेगळं, नीट वाच. मल्लखांब शिकवताना सर तुला कमरेला धरतील, पाय पकडून खांबाला लावतील, खाली येताना पाठीला आधार देतील. ते लागतंच, ते सगळ्यांसमोर, मैदानावर, सगळ्या मुलांना सारखंच असतं. पण कपडे बदलायच्या खोलीत कोणी उगाच थांबून राहिलं, बाजूला बोलावलं, कोणी चड्डीच्या आत हात घातला, किंवा कोणी म्हणालं की हे आपलं सिक्रेट, आईला सांगू नको, तर मोठ्याने "नको" म्हणायचं, जिथे जास्त माणसं आहेत तिथे पळायचं आणि त्याच दिवशी मला सांगायचं. माणूस कितीही मोठा असू दे, कितीही गोड बोलू दे. मी आधी तुझं खरं मानणार, नंतर बाकीचं बघणार. हे मी घाबरवायला लिहीत नाहीये, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघ म्हणते ना, तसंच हे.

सोडायला बाबा, घ्यायला आजोबा येतील, स्कूटरवरून. आजोबा पावणेबाराच्या आत येतीलच, पण उशीर झाला तर गेटच्या आतच मारुतीच्या पाराशी बसायचं, बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी नाही. दुसरं कोणी आलं आणि म्हणालं "आईने पाठवलंय" तर आधी पासवर्ड विचारायचा. ओळखीचे काका असले तरी. पासवर्ड इथे लिहीत नाही कारण बाबा हे पत्र कौतुकाने फॅमिली ग्रुपवर टाकणार याची मला खात्री आहे.

मित्रांचं मी काही सांगत नाही. होतील. डब्याच्या वेळी कोणाशेजारी तरी बस आणि थालीपीठ पुढे कर, त्याच्यापुढे बोलावं लागत नाही. नाही आवडलं शिबिर तर पहिला आठवडा पूर्ण कर आणि मग सांग, "आई मला नको", कारण काय तेही सांग, आपण बोलू. पण तू "चालेल" म्हणालास तर मी ते उत्तर म्हणून धरणार नाहीये.

बॅग रविवारी रात्री तू भरायचीस, मी फक्त बघणार. टॉवेल, एक जादा चड्डी, जादा टीशर्ट, दोन बाटल्या, टोपी. डबा सकाळी मी देईन. तुझं नाव मार्करने बाटलीवर लिही, मागच्या तीन बाटल्या कुठे गेल्या ते देवालाच ठाऊक.

तुझी,
आई

ता. क. हाताची आणि पायाची नखं आजच काप, दोरीत नख अडकलं तर मुळापासून उचकटतं. नेलकटर फ्रीजवरच्या डब्यात आहे. आणि पत्र वाचून झालं की मला येऊन सांग, सोमवारी डब्यात थालीपीठाबरोबर लोणचं देऊ की गूळ.