पुरीएवढं शेत

लंडन, रविवार रात्र

प्रिय विन्या,

फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच तोंड घालतोस आणि भांडण अर्धवट राहतं. म्हणून पत्र.

दुसऱ्या वर्षाची माझी ती विहिरीची एचिंग प्लेट, ऍसिडने रेघा चावलेला तो झिंकचा पत्रा, आठवते? तू तिचं छापलेलं प्रूफ खिडकीशी नेलंस आणि अख्ख्या वर्गासमोर म्हणालास, "गिचमिड! कागदाला श्वास घ्यायला जागा ठेव की लेका." सगळे हसले. झिंक महाग, म्हणून त्याच पत्र्याच्या मागच्या बाजूवर मी तुझं तोंड कोरलं आणि तुलाच देऊन टाकलं. तेव्हापासून निमूट तुझं ऐकतोय : चार रेघा, बाकी कोरा कागद.

परवा इथल्या एका संग्रहालयात वेळ घेऊन ग्रॅहम सदरलंड या इंग्रज चित्रकाराचं 'क्रे फील्ड्स' बघितलं. १९२५ चं एचिंग, तेव्हा हा पोरगा बाविशीच्या आसपासचा. पेन बाहेर ठेवायला लावतात, आत फक्त पेन्सिल. चित्र समोर आलं आणि मी म्हटलं, एवढंसंच? जेमतेम बारा सेंटिमीटर, जवळपास चौकोनी. ताटात ठेवलं तर पुरी वाटेल.

मावळता सूर्य, त्याचे किरण, वर एक ठळक चांदणी आणि हॉप्सचे उंच खांब. हॉप्स म्हणजे बियरला कडवटपणा देणारी वेल. पानमळ्यासारखी तिलाही वर चढायला आधार द्यावा लागतो. चांदणी मला जरा जास्तच वाटली, कुणीतरी आकाशकंदील टांगल्यासारखी. पण भिंग लावलं आणि गप्प झालो. कोरी जागा शोधावी लागते, विन्या! रेघेवर रेघ, मध्ये ठिपके, पुन्हा रेघा. आणि तरी अख्खं शेत उजळलेलं. आपल्या धंद्यात पांढरी शाई नसते; पांढरं म्हणजे ऍसिडने न चावलेली जागा. आजूबाजूचं सगळं करडं केल्यावर नखाएवढा उरलेला कागदही पेटतो. तू म्हणायचास तशी जागा त्यानेही ठेवलीय, फक्त चिमूटभर.

आता तुझी फजिती ऐक. सदरलंड आधी डर्बीला रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी करत होता. ते जमेना म्हणून लंडनच्या गोल्डस्मिथ्समध्ये एचिंग शिकायला आला. तिथेही वर्गात तुझाच कायदा चालायचा, प्लेट अशी पूर्ण भरून टाकणं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. एक दिवस त्याच्या वर्गातल्या विल्यम लार्किन्सला चेरिंग क्रॉस रोडवरच्या दुकानात सॅम्युएल पामरचं एक जुनं छापचित्र मिळालं, 'द हर्ड्समन्स कॉटेज', १८५० चं. तेही असंच चिमुकलं, काठोकाठ भरलेलं आणि तरी उन्हाने ओथंबलेलं. पोरं वेडी झाली. पुढे त्यांना एचिंगमधले मुरलेले एफ. एल. ग्रिग्ज भेटले. ते कॉट्सवोल्डमध्ये चिपिंग कॅम्पडेनला राहायचे, प्रेस घरातच. छपाईचे बारकावे पोरं त्यांच्याकडून शिकली : शाई कुठे पुसायची, कुठे तिचा पातळ पदर तसाच राहू द्यायचा. तुला-मला हे मनगट कुणी शिकवलं? प्लेट चकाचक पुसा, झालं.

एक गोष्ट मात्र खटकली, तीही सांगतो, नाहीतर म्हणशील हुरळून गेला. क्रे ही तेव्हाच्या केंटमधली छोटी नदी. पोरगा हे कोरत होता तेव्हाच लंडनची उपनगरं त्या बाजूला पसरत होती. आज तिच्या काठची गावं लंडनमध्येच जमा झालीत. त्याने समोरचं केंट कमी आणि पामरच्या डोळ्यातलं जास्त काढलं. आपण शहरात खोली घेऊन बैलगाड्या काढायचो, तसंच. आणि अशा चित्रांना गिऱ्हाईक होतं, अमेरिकेतही. १९२९ ला वॉल स्ट्रीट कोसळलं आणि एचिंगचा सगळा बाजार बसला. सदरलंड शिकवण्याकडे, पोस्टरांकडे, मग रंगांकडे वळला. १९५४ साली काढलेलं चर्चिलचं जे चित्र पुढे त्यांच्या बायकोने नष्ट करवलं, ते याचंच. लोकांना तेवढंच माहीत असतं. मला आता ही पुरी जास्त लक्षात राहील.

तर काम असं. तुझ्या तोंडाची ती प्लेट माळ्यावर असेलच. वहिनींना विचार, तुला सापडणार नाही. तुझी बाजू ऍसिडमध्ये घालताना मी विहिरीवर व्हार्निशचा जाड थर दिला होता. राग आला होता तरी दिला होता. म्हणजे खाली रेघा शाबूत असणार. टर्पेंटाइनचा बोळा फिरव, घासू नकोस. शाई भर आणि या वेळी चकाचक पुसू नकोस. शेवटचा हात नुसत्या तळव्याने फिरव. पाण्याजवळ मी बोटभर जागा सोडली होती, तिथे मात्र स्वच्छ पूस.

एक प्रूफ मला पाठव. एक खिडकीशी नेऊन बघ, आणि तोंड उघडायच्या आधी भिंग घे.

तुझा,
गिचमिड