मोठा उंदीर म्हणजे संकर नव्हे

महोदय,

ऊसतोड सुरू झाली आणि फडातून जाडजूड उंदीर निघाला, की आमच्या वाळवा तालुक्यात 'घूस आणि उंदराची संकरित जात आलीय, तिला औषध लागत नाही' ही चर्चा हमखास सुरू होते. मग कितीतरी जण बिळं बुजवायचंही सोडून देतात. याची मला खरंच काळजी वाटते.

बिळातल्या प्राण्यांत नैसर्गिक संकर होतो, हे खरं. इस्रायलमध्ये जमिनीखाली राहणाऱ्या आंधळ्या उंदरांच्या चार जाती आहेत. दिसायला सारख्याच, पण गुणसूत्रं ५२, ५४, ५८ आणि ६०. दोन जातींच्या हद्दी जिथे भिडतात, तिथल्या अरुंद पट्ट्यातच संकरित पिल्लं सापडतात. हा प्राणी एकटा राहतो, आपलं बीळ सोडून फार लांब जात नाही. संकर ओळखला गेला तो गुणसूत्रं मोजून, आकार पाहून नव्हे.

घरातला उंदीर आणि घूस तर वेगवेगळ्या प्रजातींतले, म्हणजे जातीहूनही वरच्या, एकमेकांपासून दूरच्या गटांतले; त्यामुळे त्यांच्या संकराची गोष्ट पटत नाही. अंगानं मोठा दिसणारा उंदीर बहुधा पूर्ण वाढलेली घूसच असते. कृषी विभागानं तोडणीच्या हंगामात गावोगावी बांधावर येऊन उंदरांच्या जाती ओळखायला शिकवावं, ही विनंती.

– एक ऊस उत्पादक, ता. वाळवा, जि. सांगली